तातडीची नावं

शलाका गजभियेनं तो आलेख दोनदा पाहिला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला. कुणीतरी आकडे उलटे भरले असतील, असं तिला वाटत होतं.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.

"मोजलं, मॅडम," पाहणी करणारा तरुण म्हणाला. "विदर्भात तेच, कोकणात तेच. शहर असो की खेडं. आम्हीही चक्रावलो."

प्रश्न अगदी साधा विचारला होता. प्रत्येकानं ऐपतीप्रमाणं वर्गणी द्यायची आणि जो आजारी पडेल त्याचा सगळा खर्च सरकारनं करायचा, असा कायदा तुम्हाला हवा का? दहातले सात जण 'हवा' म्हणत होते. पण ज्यांनी खाजगीत स्वतःची पत्रिका काढून घेतली होती आणि ती हिरवी आली होती, त्यांच्यात 'हवा' म्हणणारे जेमतेम दोन. गाव तेच, गल्ली तीच. दिवाळीआधी हो म्हणालेला माणूस पत्रिका हातात पडल्यावर 'आमच्यावर कशाला भुर्दंड?' असं विचारत होता.

वीस वर्षं शलाका निवडणुका लढवून देत होती. महागाईनं, जातीनं, नेत्याच्या एका वाक्यानं मतं फिरलेली तिनं पाहिली होती. पण रक्ताच्या एका थेंबानं माणसाची शेजाऱ्याबद्दलची आस्था आटते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पत्रिका हे नाव लोकांनीच पाडलं होतं. प्रयोगशाळेतलं नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. बोटाला सुई टोचून एक थेंब घ्यायचा. त्या थेंबात हजारो प्रकारची प्रथिनं तरंगत असतात. यकृत दमू लागलं, एखादी रक्तवाहिनी सैल पडली, एखाद्या पेशीनं भलती वाट धरली, की या प्रथिनांचं प्रमाण किंचित बदलतं. माणसाला काही जाणवायच्या कितीतरी आधी. एकेकटं प्रथिन पाहून काही कळत नाही; पण लाखो लोकांचे थेंब आणि त्यांना पुढं काय झालं याची माहिती यंत्राला शिकवली, की ते नव्या थेंबावरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधू लागतं. हिरवी पत्रिका म्हणजे दहा वर्षांत मोठ्या आजाराची शक्यता फार कमी. लाल म्हणजे फार जास्त.

हे यंत्र नागपूरच्या एका सरकारी संस्थेत डॉ. नसरीन मुजावर यांनी घडवलं होतं. मूळच्या मिरजेच्या, बोलायला रोखठोक. "हे भविष्य नव्हे," त्या प्रत्येक सभेत सांगायच्या, "हवामानाचा अंदाज आहे. पाऊस येणार असं कळलं तर छत्री घेता येते. एवढंच." पण लोकांनी छत्र्या घेतल्या नाहीत. लोकांनी लग्नं मोडली. कंपन्यांनी नोकरीआधी पत्रिका मागायला सुरुवात केली. आणि विमा कंपन्यांनी हिरव्यांना पायघड्या घातल्या, लालांना दार बंद केलं.

शलाकाला हे सगळ्यात आधी सांगितलं होतं तिच्या धाकट्या भावानं. विनय नागपूरच्या इंदोऱ्यात आईवडिलांच्या जुन्या घरीच राहत होता आणि एका खाजगी कंपनीच्या आरोग्य पॉलिसी विकत होता.

"आमचा सगळा धंदा 'कुणास ठाऊक' या दोन शब्दांवर उभा होता, ताई," तो म्हणाला होता. "शंभर लोक पैसे भरायचे. त्यातले पाच आजारी पडायचे. कोणते पाच, ते कुणालाच माहीत नसायचं, म्हणून शंभरही जण भरायचे. आता ते पाच कोण हे आधीच ठरून राहिलंय. पंच्याण्णव म्हणतात, आम्ही काऊन भरू? आणि त्या पाचांना कंपनी म्हणते, तुम्ही घरी बसा."

"म्हणूनच कायदा हवा," शलाका म्हणाली होती.

"म्हणूनच तो होणार नाही. पाचांच्या मतांवर कायदा होतो का कधी?"

या प्रश्नाचं उत्तर आता तिच्या समोरच्या आलेखात होतं. होतो. मात्र कोण पाच आणि कोण पंच्याण्णव हे कळायच्या आत तो करावा लागतो.

---

शलाका ज्यांची सल्लागार होती त्या आरोग्यमंत्री बाबाराव मोहोड यांना सगळे भाऊ म्हणत. हिवाळी अधिवेशनासाठी मिळालेल्या बंगल्यात, व्हरांड्यात ऊन घेत ते बसले होते. समोर तर्री पोह्यांची बशी होती आणि तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

राज्य सरकारनं दिवाळीपासून गावोगावच्या आशाताईंकडून प्रौढ माणसांचे थेंब गोळा करवले होते. मोफत पत्रिका, सगळ्यांना. ही घोषणा भाऊंचीच. थेंब तपासून झाले होते. निकाल सरकारी संगणकात तयार होते. बटण दाबायचा अवकाश, घरोघरच्या फोनवर ते पोचले असते. आणि त्याच अधिवेशनात सार्वजनिक आरोग्य विम्याचं विधेयक मांडलं जाणार होतं.

"निकाल द्यायचे नाहीत," शलाका म्हणाली. "विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राज्यपालांची सही होईपर्यंत नाही. एकालाही नाही."

भाऊंनी तिच्याकडं पाहिलं. "लोक विचारतील ना."

"तपासणी चालू आहे म्हणून सांगायचं. भाऊ, आज सगळा महाराष्ट्र एका बाजूला आहे, कारण आपलं काय होणार ते कुणालाच माहीत नाही. उद्या निकाल गेले की परवा दोन महाराष्ट्र होतील. एक फार मोठा आणि एक फार लहान. तुमचेच आमदार मोठ्याकडं पळतील."

डॉ. मुजावर शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या पुढं सरकल्या.

"लाल-हिरव्याचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांच्या अंदाजात महिना गेला तर काही बिघडत नाही. पण एक तिसरा गट आहे. त्याला आम्ही तातडीचे म्हणतो. त्यांच्या बाबतीत तो अंदाज नाही. आजार आत्ता चालू आहे. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगलेली, कॅन्सर अगदी कोवळा, असे. त्यांचा एकेक आठवडा महत्त्वाचा आहे. राज्यभरात काही हजार असतील. तेवढ्यांना तरी कळवा."

"कोण आहेत ते?" भाऊंनी विचारलं.

"मला फक्त क्रमांक दिसतात. नावांची किल्ली तुमच्या खात्याकडं आहे."

दोघांनीही शलाकाकडं पाहिलं. तिनं व्हरांड्याच्या खांबाकडं नजर लावली आणि हिशेब केला, जसा ती नेहमी करायची. काही हजार घरांत निकाल गेले तर संध्याकाळच्या बातम्यांत ते येणार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी न्यायालयात जाणार, 'त्यांना दिले, आम्हाला का नाही?' आठवड्यात सगळे निकाल बाहेर. विधेयक संपलं. पुन्हा असं सरकार, असा मंत्री, असा क्षण कधी येईल? तिचे वडील आयुष्याचं शेवटचं वर्ष डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर, उपचाराच्या खर्चाची मंजुरी आली का हे विचारत बसले होते. तशी किती माणसं आज बाकांवर बसलेली असतील? लाखो.

"नाही," ती म्हणाली. "अपवाद केला की सगळं सुटतं."

"माणसं मरतील, शलाकाताई," डॉ. मुजावर म्हणाल्या.

"कायदा नाही झाला तर त्याहून कितीतरी जास्त मरतील, डॉक्टर. दरवर्षी."

भाऊ उठले. "यांचंच ऐकू," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं, शलाकाताई. एकालाही नाही."

---

विधानसभेत मतदान झालं त्या दुपारी शलाका अधिकाऱ्यांच्या दीर्घेत बसली होती. विरोधकांनी जोर लावला होता. सत्तेतलेही काही जण कुजबुजत होते. तिच्या अंदाजाप्रमाणं विधेयक दोन मतांनी पडायला हवं होतं, आणि तिचे अंदाज सहसा चुकत नसत.

मग मतविभागणीच्या वेळी विरोधी बाकांवरचे दोन ज्येष्ठ आमदार उठले आणि सरकारच्या बाजूनं जाऊन उभे राहिले. सभागृहात एकच गोंधळ उडाला. त्या दोघांनी कुणाकडंही पाहिलं नाही. दोन मतांनी पडणारं विधेयक दोन मतांनी तरलं.

संध्याकाळी भाऊंच्या बंगल्यावर माणसांची रीघ लागली. हारतुरे, पेढे. गर्दी ओसरल्यावर भाऊंनी शलाकाला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. ते खुशीत होते, आणि खुशीत असले की ते फार मायेनं बोलायचे.

"विधान परिषदेत आपलं बहुमत पक्कं आहे. पुढच्या आठवड्यात तेही होऊन जाईल," ते म्हणाले. "मग तुम्ही लगेच मुंबईला नका जाऊ. इथंच धंतोलीत एका मोठ्या सर्जनला सांगून ठेवलंय मी. तुमच्यासाठी खोली राखून ठेवलीय त्यांनी."

"माझ्यासाठी? कशाला?"

भाऊ थांबले. आपण घाईत बोलून गेलो हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी खांदे पाडले, जणू आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुमचं नाव आहे त्यात," ते म्हणाले. "तातडीच्या. स्वादुपिंडाचं काहीतरी. पण अगदी सुरुवात आहे म्हणतात. ऑपरेशननं निघून जातं."

शलाकानं ते ऐकलं आणि तिला पहिल्यांदा त्याचा अर्थच लागला नाही. स्वादुपिंड हा शब्द तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. दिवाळीत इंदोऱ्याच्या घरी ओट्यावर बसून तिनंही बोट पुढं केलं होतं. आशाताई हसून म्हणाली होती, 'दुखलं नाही ना, ताई?' ते बोट. तो थेंब.

"तुम्हाला कधी कळलं?" तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"आपली ती बैठक झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी नावं मागवली. सगळी नाही. आमदारांची आणि आपल्या जवळच्या माणसांची."

"आमदारांची का?"

हे तिनं विचारावं याचंच भाऊंना आश्चर्य वाटलं असावं.

"ती दोन मतं कशी फिरली असं वाटलं तुम्हाला?" ते म्हणाले. "दोघांचीही नावं होती. मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. एकाची अँजिओप्लास्टी झाली गुपचूप, दुसऱ्याची पुढच्या आठवड्यात आहे. उपकार लक्षात ठेवणारी माणसं आहेत."

"त्यांना सांगितलं," ती हळूहळू म्हणाली. "आणि मला नाही."

"तुमचं मत आपल्याकडं होतंच ना, ताई," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, लबाडीही नव्हती. "आणि तुम्हीच म्हणाला होतात, एकालाही नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऑपरेशनला गेला असता. मग मतदान कुणी सांभाळलं असतं? तुमच्याच सल्ल्यानं चाललो मी."

ते खरंच तिच्या सल्ल्यानं चालले होते. तिनं काही हजार अनोळखी माणसांना ज्या तराजूत घातलं होतं, त्याच तराजूत भाऊंनी तिला घातलं होतं, आणि काटा त्याच बाजूला झुकला होता.

---

बंगल्याबाहेर आल्यावर ती गाडीत बसली नाही. चालत निघाली. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या लागल्या होत्या, माणसं भाव करत होती. प्रत्येक चेहऱ्याकडं ती बघत होती. यातल्या कुणाचं नाव आहे? कुणाचं नाही?

आणि चालता चालता, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंतही ती पोचली नव्हती तोच, तिला उपाय सुचला.

तो इतका सोपा होता की ती रस्त्यातच थबकली. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी ती हलली नाही. निकाल कळवायचेच नाहीत. आशाताईंनी फक्त घरी जाऊन सांगायचं, 'तुमचा नमुना खराब झाला, जिल्हा रुग्णालयात येऊन पुन्हा द्या.' रुग्णालयात सोनोग्राफी, स्कॅन, जे लागेल ते नेहमीच्या तपासण्या म्हणून करायचं. आजार तिथं सापडेल, जसा रोज शेकडो लोकांना सापडतो. पत्रिकेचं नावही निघणार नाही. बातमी होणार नाही. कुणी न्यायालयात जाणार नाही. विधेयकाला धक्का लागणार नाही.

तिनं डॉ. मुजावरांना फोन लावला आणि घाईघाईनं सगळं सांगितलं.

"होईल," डॉ. मुजावर म्हणाल्या. "उद्यापासून होईल. भाऊ किल्ली देतील?"

"देतील. यात त्यांचं काही जात नाही."

"शलाकाताई, मग हे त्या दिवशी व्हरांड्यात का नाही सुचलं तुम्हाला?"

शलाकानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला सुचलं नाही, ते मी समजू शकते," डॉ. मुजावर म्हणाल्या. "मी नियमानं कळवा म्हणत होते. खोटं बोलूनही माणसं वाचवता येतात, हे मला कसं सुचणार? ते तुमचं काम." मग त्यांचा आवाज बदलला. "काही झालंय का? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"माझं नाव आहे, डॉक्टर," शलाका म्हणाली.

सगळ्या आयुष्यात तिला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. आजाराची भीती होतीच. पण त्याहून मोठं काहीतरी तिच्यासमोर उभं होतं. स्वतःचं काय होणार हे माहीत नसतं तेव्हाच माणसं दुसऱ्याचा विचार करतात, असं तिनं आलेख दाखवून सगळ्यांना पटवलं होतं. त्या आलेखात तिला स्वतःला बसवायला जागाच नव्हती. स्वतःचं माहीत नव्हतं तेव्हा तिनं विचार केला नव्हता. कळलं, आणि चहाच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत उपाय सापडला.

---

आशाताई गावोगाव फिरल्या. नमुना खराब झाला म्हणून माणसं कुरकुरत रुग्णालयात आली, काही पहिल्या दिवशी, काही चार वेळा बोलावल्यावर. बहुतेक वाचण्याजोगी होती. विधान परिषदेत विधेयक मंजूर झालं. नंतर राज्यपालांची सही झाली.

शलाकानं सहीची वाट पाहिली. हे तिनं मुद्दाम केलं, आणि तेही तिनं पुढं लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून तिनं सगळं सांगितलं. निकाल तयार असताना ते अडवून धरले होते, सल्ला तिचा होता, दोन आमदारांना आधी सांगितलं गेलं, आणि या काळात तातडीच्या गटातली अकरा माणसं दगावली होती. त्यांतली किती वाचली असती हे डॉ. मुजावरही ठामपणे सांगू शकत नव्हत्या. पण काही नक्कीच वाचली असती.

राज्य हादरलं. भाऊंनी राजीनामा दिला. ते दोन आमदार महिनाभर कुणाला दिसले नाहीत. निकाल घरोघर गेले आणि शलाकानं सांगितलं होतं तसंच झालं. हिरव्यांचे मोर्चे निघाले, आमची फसवणूक झाली म्हणून. कुणी न्यायालयात गेलं. न्यायालयानं निकाल अडवण्यावर कडक ताशेरे मारले, चौकशी लावली, पण सभागृहानं रीतसर केलेला कायदा रद्द केला नाही. तोवर जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं त्या कायद्याखाली उपचार घेऊ लागली होती, आणि सुरू झालेला डायलिसिस बंद करा असं म्हणणारा एकही पुढारी निघाला नाही.

शलाकानं धंतोलीतली ती राखून ठेवलेली खोली नाकारली. मेडिकल कॉलेजच्या सरकारी वॉर्डात तिचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली. पुढं औषधं घ्यायची होती आणि काय होईल ते कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. थोडं आधी झालं असतं तर बरं होतं, एवढं एक तरुण डॉक्टर बोलून गेली.

विनय रोज डबा घेऊन यायचा. त्याची पत्रिका हिरवीगार आली होती. पहिले काही दिवस तो नुसता डबा ठेवून बाहेर जाऊन उभा राहायचा.

एक दिवस तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. "मी चिडलोय तुझ्यावर," तो म्हणाला. "तू आजारी आहेस म्हणून बोलत नव्हतो."

"बोल."

"माझी हिरवी आहे हे आधी माहीत असतं तर मी या कायद्याच्या विरोधात मोर्चात गेलो असतो. आता तू इथं पडून आहेस, तर जाता येत नाही. आणि तुझं बिल लागत नाही म्हणून मला बरंही वाटून राहिलंय. म्हणजे मी नेमका कोणत्या बाजूचा आहे, ते मलाच कळेना झालंय." त्यानं डबा उघडला. "खिचडी आहे. खा."

---

ती बाई आली तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. चाळिशीची असावी. हातात कापडी पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ. दारातच तिनं परिचारिकेला विचारलं, "गजभिये बाई कोणत्या?"

विनय उठून आडवा गेला. टीव्हीवर सगळं आल्यापासून दोन वेळा कुणीतरी वॉर्डात घुसून आरडाओरडा केला होता.

"भांडाले नाही आली मी," बाई म्हणाली. "आमगावहून आली. रेवंता टेंभुर्णे माझं नाव."

शलाकाला नाव ठाऊक होतं. अकरा नावं तिला पाठ होती. सुकराम टेंभुर्णे, आमगाव, जिल्हा गोंदिया. लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वरातीत वाजवता वाजवता छातीतली रक्तवाहिनी फुटली.

"विनय, त्यांना बसू दे," ती म्हणाली आणि कोपरावर रेलून उठू लागली.

"उठू नका," रेवंता म्हणाली. स्टुलावर बसून तिनं पिशवी मांडीवर घेतली. शलाकाच्या चेहऱ्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. रागानं नाही. माणूस कसं दिसतं ते बघावं तशी.

"टीव्हीवर तुम्ही मोठ्या दिसत होत्या," ती म्हणाली.

"त्यांच्याबद्दल मला..." शलाका सुरुवात करायला गेली.

"ते राहू द्या. ते सगळं तुम्ही टीव्हीवर सांगितलं, मी ऐकलं. मले एकच विचारायचं होतं. रस्ताभर तेच मनात होतं. तुमचं नाव त्यात नसतं, तर?"

विनय काही बोलणार होता. शलाकानं हातानं त्याला थांबवलं. उत्तर तिच्याकडं कधीचं तयार होतं. फक्त ते मोठ्यानं म्हणायची वेळ आली नव्हती. चौकशी समितीनं शेकडो प्रश्न विचारले होते, हा विचारला नव्हता.

"नसतं सुचलं," ती म्हणाली. "सही होईपर्यंत आम्ही थांबलो असतो. आणखी माणसं गेली असती."

रेवंतानं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "मलेही तसंच वाटलं."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी खोकली. कुणीतरी तिला पाणी दिलं. रेवंता पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"माझ्या मुलीची पत्रिका लाल आली," ती खाली बघून म्हणाली. "बापासारखंच. नसा कमजोर हायेत म्हणतात. बारावीला हाये ती, अठरा भरले आत्ताच. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, दर वर्षी तपासत राहू, लागलं तर ऑपरेशन करू, पैसे लागणार नाहीत. खरं हाये का ते?"

"खरं आहे."

"पुढं कधी बंद तर नाही ना करणार? तिचं वय झाल्यावर? लग्न झाल्यावर?"

"नाही करता येणार," शलाका म्हणाली. "कायद्यात तसं लिहिलेलं आहे. कुणाची पत्रिका कशीही असो, उपचार नाकारता येणार नाही. ती जिवंत असेपर्यंत."

रेवंता उठली. पदर नीट केला, पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेली आणि वळली.

"याच्यासाठीच केलं तुम्ही, ते समजते मले," ती म्हणाली. "पण बरं झालं असं म्हणवत नाही माझ्याच्यानं."

"म्हणू नका," शलाका म्हणाली.

रेवंतानं एकदा विनयकडं पाहिलं, गोंदियाची गाडी कुठून मिळते ते विचारलं. तो तिला सोडायला स्टेशनवर गेला.